खंडेनवमीला केलेलं अपडेट

चांगलं चाललेलं यंत्र मुहूर्त बघून बिघडवणारी बाई कोल्हापुरात तरी मी एकटीच असेन. खंडेनवमीच्या सकाळी, न्हाऊन, ओल्या केसांनी, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून मी त्याचं बायोस बदललं. गरज काहीही नव्हती. आदल्या दिवशीपर्यंत ते यंत्र गाईसारखं गरीब होतं. पण एका मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती, तिच्यात आमच्या मदरबोर्डाच्या कंपनीचं नवं बायोस होतं, आणि माझ्या डोक्यात आलं की दसऱ्याला माणसं वाहनाला नवा हार घालतात, विळीकोयत्याला धार लावतात, तर आपण आपल्या हत्याराला नवं काहीतरी घालावं.

हल्ली नातू फोन माझ्यापुढं धरतो आणि म्हणतो, आज्जी, अपडेट आलंय, करू की. मी ‘नंतर’वर बोट ठेवते. त्याला वाटतं म्हातारी भिते. त्याला सांगत नाही की म्हातारी एकदा न भिता करून बसलीय.

बायोस म्हणजे यंत्राचं बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जे जागं होतं ते. बाकीची सगळी गडीमाणसं त्याच्या हाकेनं उठतात. ते बदलताना मध्येच वीज गेली तर यंत्र कायमचं दगड होतं, आणि आमच्याकडची वीज तेव्हा कधीही जायची. तरीही मी उदबत्ती लावली, सीडीतनं उतरवून घेतलेली फ्लॉपी घातली, पडद्यावरच्या प्रत्येक इंग्रजी प्रश्नाला हो म्हणत गेले. वीज गेली नाही. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं. मी हात जोडले, पेढा खाल्ला आणि झाडू मारायला घेतला. इतकी शहाणी.

साल दोन हजार दोन-तीनचं. शाहूपुरीत आमचा टायपिंगचा क्लास होता, तो मोडून मी तिथंच डीटीपीचं काम सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, उत्तरकार्याची कार्डं, वकिलांचे कागद. वय पंचेचाळीसच्या पुढं, आणि माझी ख्याती हाताबद्दल होती. माझा हात आधी पोचायचा आणि डोकं मागनं यायचं, तेही चालत. बिल जास्त सांगणाऱ्या रिक्षावाल्याच्या मी थोबाडीत दिली होती. आमच्यासारखं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर असलेला गावात आणखी एकच जण होता, त्यानं माझं गिऱ्हाईक पळवलं म्हणून त्याच्या दुकानात जाऊन मी त्याला स्टेपलर फेकून मारलं होतं. मॉनिटर पिवळा पडला की त्याच्या डाव्या गालावर एक द्यायची, निळा पडला की उजव्या. आणि वाईट गोष्ट अशी की तो सुधारायचा. आमचे हे शाळामास्तर, जन्मात कुणावर छडी न उगारलेले. ते म्हणायचे, घरात एकाला तरी शिस्त लावता येते हे बरं आहे. मला ती स्तुती वाटायची.

माझ्याकडं ऑपरेटर म्हणून एक बाई होती. माझ्याच क्लासची विद्यार्थिनी, वारणानगरच्या कॉलनीत वाढलेली, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली. बत्तीसएक वर्षांची असेल. मराठीचा तिचा वेग असा की मी तोंडानं सांगून दमायची आणि तिची बोटं पुढच्या शब्दाची वाट बघत थांबलेली असायची. ती बौद्ध. तिच्याकडं पूजाअर्चा नव्हती, म्हणून खंडेनवमीला पूजा मी करायची आणि आदल्या दिवशी सगळं पुसून लख्ख तिनं करायचं, अशी वाटणी मी स्वतःच ठरवली होती. मला ती वाटणी फार उदार वाटायची.

तिचा नवरा तिला मारायचा. हे मला कसं कळलं तर तिनं सांगितलं म्हणून नव्हे. ती डावा हात मांडीवर ठेवून एका उजव्या हातानं आख्खा अहवाल टाइप करत होती, आणि मी वेग कमी झाला म्हणून ओरडले, तेव्हा तिनं डावा हात उचलून दाखवला. मनगट वांग्याच्या रंगाचं होतं. नवरा टेम्पो चालवायचा, जयसिंगपूरच्या फेऱ्या मारायचा. रिकामा परत आला की मारायचा आणि भरून आला तरी मारायचा. आमच्या आळीतसुद्धा मारणारे कमी नव्हते, फक्त ते आधी रेडिओ मोठा करायचे.

तिनं एक वही ठेवली होती. घरात, तांदळाच्या डब्याच्या तळाशी. मार खाल्ला की तारीख लिहायची, कशानं, कुठं. एका वकीलबाईनं तिला सांगितलं होतं की तारीख असेल तरच सरकारी दवाखान्यातला केसपेपर शोधता येतो आणि केसपेपर असेल तरच कोर्ट ऐकतं. ती रोज वहीतली दोन-तीन पानं पदरात लपवून आणायची, जेवणाच्या सुट्टीत टाइप करायची आणि पानं परत न्यायची. फाईलला नाव दिलं होतं लग्नपत्रिका अकरा, म्हणजे कुणी उघडायला नको.

त्या श्रावणात एका दुपारी तिचा नवरा दुकानात आला.  ती पाठमोरी बसलेली, तिची वेणी त्यानं धरली, मनगटाला दोन वेढे घेतले आणि ओढलं. खुर्ची उलटली. तिचं डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, तो आवाज नारळ फोडल्यासारखा नव्हता, त्याहून बारीक होता, कपाटाचं दार लागल्यासारखा. तो तिला तशीच फरशीवरनं उंबऱ्याकडं ओढायला लागला, आणि ती ओरडत नव्हती, नुसती पायानं टेबलाचा पाय धरायला बघत होती.

मी समोरचा की-बोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या टाळूवर घातला. बटणं दातांसारखी उडाली. एक त्याच्या कॉलरमध्ये जाऊन पडलं. दुसरा घाव घालायला हात वर नेला तर वायर अजून यंत्राला लावलेली, की-बोर्ड मागनं कुणीतरी धरल्यासारखा थांबला, आणि तेवढ्यात त्यानं माझ्या छातीत गुद्दा दिला. मी कागद कापायच्या टेबलावर जाऊन पडले. करंगळी टेबलाच्या पट्टीत सापडून मोडली, ती आजही वाकडी आहे, चहाचा कप धरताना उगीच मडमेसारखी वर राहते. समोरचा सायकलवाला हातात पंप घेऊन धावत आला. त्यानं नवऱ्याच्या गुडघ्यामागं पंप घातला, तो खाली बसल्यावर दोघातिघांनी त्याला धरून रस्त्यावर टाकला. टाकताना प्रत्येकानं एकेक लाथ घातली. मीही घातली, चप्पल नीट पायात सरकवून.

तिथं थांबायला हवं होतं. पण मी उंबऱ्यावर उभी राहिले, बोटातनं रक्त गळतंय, समोर निम्मी शाहूपुरी जमलेली, आणि मला अंगात वारं भरल्यासारखं झालं. मी त्याला सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, “तुझी एकूण एक तारीख वहीत लिहिलेली हाय. कोर्टात वाचून दाखवणार हाय तुझी वही.”

फरशीवर बसलेल्या तिनं तेव्हा डोकं धरून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, किती उपकार मानतेय.

तो उठला आणि सरळ घरी गेला. वही शोधायला त्याला किती वेळ लागला असेल? डबे किती असतात एका घरात? ती मागोमाग पळत पोचली तोवर वही स्टोव्हवर जळत होती. त्यानं जळत्या पानांवर तिचं तोंड नेलं, ती निसटली तर ओठावर उलटा हात मारला. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला आत कोंडून आपल्या आईला दाराशी बसवलं, आणि हिला बाहेर काढलं. संध्याकाळी ती फाटका ओठ घेऊन माझ्या दारात आली, एकटी. म्हणजे मी एक की-बोर्ड आणि एक करंगळी खर्च करून तिची वही घालवली आणि पोरगीही. तेव्हा मात्र मला असं वाटलं नाही. तेव्हा मी आल्यागेल्याला बोटाचं बँडेज दाखवत होते.

ती भावाकडं राहायला गेली आणि मुलगी मिळावी म्हणून वकीलबाईनं कोर्टात अर्ज घातला. तिच्याकडं आता एवढंच होतं, माझ्या यंत्रात ठेवलेली लग्नपत्रिका अकरा. छापून घे म्हटलं तर नको म्हणायची. भावाच्या घरात कागद ठेवला तर भाऊच टेम्पोवाल्याला नेऊन देईल अशी तिला भीती, कारण भावाला ती परत गेलेली हवी होती. शेवटी वकीलबाईनं निरोप दिला की सोमवारची तारीख शेवटची आहे, जज्जसाहेबांनी तसं बजावलंय, शनिवारी छापा आणि थेट माझ्या हातात आणून द्या.

तो शनिवार म्हणजे खंडेनवमी.

ती दहाला आली. पूजा बघून चप्पल बाहेर काढली, झेंडूची पाकळी की-बोर्डवरनं अलगद उचलून बाजूला ठेवली आणि मराठीच्या सॉफ्टवेअरवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर इंग्रजीत आलं की लॉक सापडत नाही.

हे लॉक म्हणजे आगपेटीएवढी एक डबी. सॉफ्टवेअर चोरून वापरू नये म्हणून कंपनी द्यायची. यंत्राच्या पाठीमागं प्रिंटरची वायर खोचायचं जे रुंद भोक असतं, त्यात आधी ही डबी खोचायची आणि डबीच्या पाठीत प्रिंटरची वायर. डबी जागेवर असली तर मराठी उघडणार. नसली तर तुम्ही लाख पंडित असा, पडद्यावर डॉलर, टक्का आणि फुलीचा खिमा. फ्लॉपीत घालून दुसरीकडं नेऊन उपयोग नाही, तिथंही तेच सॉफ्टवेअर आणि तसंच लॉक पाहिजे. ते गावात ज्याच्याकडं होतं तो दुकान बंद करून दसऱ्याला नेसरीला गेला होता. आणि नसता गेला तरी त्याच्या कपाळावर माझ्या स्टेपलरची खूण होती.

तिनं डबी काढून परत लावली. काही नाही. मी यंत्राच्या कॅबिनेटला एक बुक्की दिली. काही नाही. जरा वर, जरा खाली, माझे सगळे नेहमीचे उपचार झाले. मग सायकलवाल्याकडच्या फोनवरनं हार्डवेअरवाल्याला बोलावलं.

हा हार्डवेअरवाला चाळिशीचा, हडकुळा, आमची सगळी यंत्रं त्याच्या हातची. सणाच्या दिवशी आला हे त्याचे उपकार. त्यानं बसल्या बसल्या विचारलं, काकू, कालपासनं ह्यात काय बदललंय का? मी म्हटलं, नाही. का म्हटलं? कारण बायोसला हात लावायचा नाही असं त्यानंच मला दोनदा बजावलं होतं, आणि माझ्याच दुकानात, माझ्याच ऑपरेटरसमोर त्याच्याकडनं बोलणं खायला माझी तयारी नव्हती. शिवाय मला मनातनं खात्री होती की त्याचा लॉकशी काय संबंध? यंत्र तर छान उठतंय.

मग त्यानं एकेक करून बघायला घेतलं. कॅबिनेट उघडलं. आतनं कुंकू निघालं, अक्षताही निघाल्या, त्या त्यानं रंगाच्या ब्रशनं झाडल्या. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबरानं घासली, फुंकर मारून परत बसवली. प्रिंटरची वायर बदलली. मीटर लावून भोकातल्या पिना मोजल्या. मध्ये पुन्हा विचारलं, नक्की काय केलं न्हाई ना? मी म्हटलं, नाही म्हटलं की. ती स्टुलावर बसून त्याच्या हातांकडं बघत होती. मध्येच घड्याळाकडं बघायची. वकीलबाई सहापर्यंत ऑफिसात थांबणार होत्या, मग गावाला जाऊन सोमवारी सकाळी थेट कोर्टात. बारा वाजले, दोन वाजले. तिनं डबा उघडला नाही.

अडीचच्या सुमाराला त्यानं प्रिंटरवर इंग्रजीत एक ओळ छापून बघितली. ओळ सुरेख छापून आली. तो कागद उजेडाकडं धरून तो म्हणाला की प्रिंटर छापतोय त्याअर्थी पोर्ट, म्हणजे ते भोक, जिवंत आहे, वायर जिवंत आहे. म्हणजे लॉकच मेलं. नवं पुण्याहून येणार, सुट्ट्या धरून आठ दिवस तरी. लॉक कशानं मरतं म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, पाणीबिणी गेलं तर जातंय.

पाणी. आदल्या संध्याकाळी तिनं ओल्या फडक्यानं सगळं पुसलं होतं.

पुढचं मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. मी उठले, स्टुलापाशी गेले आणि तिच्या कानशिलात मारली. पूर्ण हात मागं नेऊन, मॉनिटरला मारतात तशी वरवरची नव्हे. माझा हात पोचायच्या आधीच तिचा डावा हात कोपरातनं मुडपून कानापाशी आला होता. मी उठताना, दोन पावलं चालताना तिला कळलं होतं. मला स्वतःला कळायच्या आधी तिला कळलं होतं. माझा पंजा निम्मा तिच्या मनगटावर आणि निम्मा गालावर बसला, कानातली रिंग ओढली गेली आणि पाळीतनं रक्ताचा थेंब आला. मी काहीतरी बोलतही होते. पूजेच्या वस्तूला ओलं फडकं लावतेस, तुला काय त्याचं, असलं काहीतरी. ‘तुला काय त्याचं’ हे शब्द नक्की होते. ते मला आजही माझ्याच आवाजात ऐकू येतात.

हार्डवेअरवाल्याच्या हातातनं स्क्रू ड्रायव्हर फरशीवर पडला.

  तिनं पदर कानाला लावला, उठून खिडकीतलं ते फडकं घेतलं, ते वाळलेलंच होतं, तरी झटकून परत नीट घडी घालून ठेवलं. मग स्टूल भिंतीकडं सरकवलं आणि भिंतीला पाठ लावून बसली, म्हणजे मागनं कुणी येऊ नये. मार खाल्ल्यावर ती काय काय करते ते मला त्या दिवशी पाहायला मिळालं. तिच्या वहीत ते नव्हतं.

त्या हार्डवेअरवाल्याला बिचाऱ्याला कुठं बघावं कळेना. बाई मारतेय, बाईच मार खातेय, आणि हा मध्ये. काहीतरी करायचं म्हणून त्यानं यंत्र बंद केलं आणि परत चालू केलं, आणि आमच्याकडं बघायला नको म्हणून नाक पडद्याला लावून बसला. यंत्र उठताना काळ्या पडद्यावर आधी पांढऱ्या अक्षरात चार ओळी येतात. त्या कुणी वाचत नाही. त्यानं वाचल्या. परत बंद केलं, परत चालू केलं, परत वाचल्या.

“काकू,” तो म्हणाला, “ह्यातलं बायोस मी घातलेलं न्हाई. ह्याच्यावरची तारीख येगळी हाय. कुणी केलंय हे?”

भिंतीकडनं ती बघत होती. गाल तोवर चांगला फुगला होता. खोटं बोलायला अजूनही वाव होता, आणि मी थोडा वेळ तो वाव चाचपून बघितला, हे लपवत नाही. मग म्हटलं, “मी. सकाळी.”

तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं एक कळ दाबली, निळा पडदा आला आणि तो पडद्याकडं तोंड करूनच सांगत राहिला. बायोस नवं घातलं की आधी केलेली सगळी मांडणी ते विसरतं आणि कंपनीनं दिलेल्या मांडणीवर परत येतं. प्रिंटरच्या त्या भोकाच्या बोलायच्या दोन-तीन तऱ्हा असतात. लॉक जुनं, त्याला जुनीच तऱ्हा कळते, म्हणून त्यानं यंत्र जोडताना ती लावून ठेवली होती. आता ती बदलली होती. प्रिंटर नवा, त्याला दोन्ही कळतात, म्हणून तो छापत राहिला आणि आपण सगळे फसलो. पाणीबिणी काही गेलं नव्हतं. त्यानं बाणाच्या कळीनं एका ओळीवर जाऊन एक शब्द बदलला. यंत्र उठलं. मराठी उघडलं. सगळं मिळून चार मिनिटं. ही चार मिनिटं सकाळी साडेदहालाच झाली असती, मी तोंड उघडलं असतं तर.

मला इतका संताप आला की मी कॅबिनेटला लाथ घालायला पाय उचलला. त्यानं वाकून माझा घोटा धरला.

“आता ह्याला हात लावायचा न्हाई, काकू. पाय बी न्हाई.”

एका पायावर उभी असलेली पंचेचाळिशीची बाई कशी दिसते ते तुम्हीच डोळ्यापुढं आणा. मला ते चित्र पुष्कळ वर्षं पुरलं.

ती खुर्चीत येऊन बसली. लग्नपत्रिका अकरा उघडली. मी त्या फाईलकडं तोवर नीट बघितलंच नव्हतं. सोसायटीच्या अहवालासारखे सुबक रकाने पाडलेले. अनुक्रमांक, तारीख, कशाने, कुठे, कारण. लाटणे, डावा हात, भाकरी करपली. टेम्पोचा पाना, पाठ, माहीत नाही. हात, कान, पाहुण्यांसमोर हसले. स्टोव्हची पिन, मांडी, माहीत नाही. कारणाच्या रकान्यात खाली खाली नुसतं ‘माहीत नाही’च होतं. शेवटची श्रावणातली ओळ राहिली होती, ती ती टाइप करायला लागली, आणि मी तिच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. ती एकच ओळ टाइप करते की दोन, एवढंच मला बघायचं होतं. तिच्या मुलीचं काय होणार हे त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. खरं तेच सांगते.

तिनं एकच ओळ टाइप केली. अकरा पानं छापली. मी सुटले.

पाच वाजता ती कागद घेऊन गेली, हार्डवेअरवाल्याच्याच गाडीवर. कानाला पदर लावूनच. जाताना तिनं नेहमीसारखं, येते बाई, असं म्हटलं नाही, हे मला रात्री जेवताना आठवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. बौद्धांचाही तो मोठा दिवस, धम्मचक्र प्रवर्तनाचा. ती पांढरी साडी नेसून विहारात गेली असणार. मी मात्र संध्याकाळी आपट्याची पानं ताटात घेऊन दारात बसले, सोनं द्यायला माणसं येतात तशी ती येईल म्हणून. मारलं मी, आणि यायचं तिनं. ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, कुणाची नाही.

सोमवारी कोर्टात मी गेले नाही. वकीलबाईनं नंतर सांगितलं ते असं. अकरा पानांतल्या दोन तारखांचे केसपेपर दवाखान्यात सापडले होते. एकावर तीन टाके लिहिलेले, एकावर मोडलेलं मनगट. साहेबांनी ते दोन कागद यादीशी ताडून बघितले आणि मुलगी सध्या आईकडं राहील असा हुकूम झाला. बाहेर व्हरांड्यात त्यानं हिच्या अंगावर झेप घेतली. शिपायानं अडवलं तर त्यानं नोटीस लावायच्या फळीची काच मुठीनं फोडली आणि तसाच रक्ताळलेला हात हलवत मुलीला हाक मारत राहिला. मुलगी आईच्या साडीत तोंड घालून चालत गेली. मागं बघितलं नाही म्हणे तिनं.

हे ऐकून मला वाटलं, झालं. सगळं चांगलं झालं. आता माझंही मिटवून टाकावं. चुकलं म्हणायची आमच्या पिढीला सवय नव्हती. मलाही नव्हती, पिढीचं नाव उगीच. आमच्याकडं चुकलं की खायला घालतात. मंगळवारी ती कामावर आली, मुलीला बरोबर घेऊन. शाळेत नाव घालेपर्यंत इथंच बसू दे म्हणाली, हो म्हटलं. मुलगी स्टुलावर बसली. मी जयसिंगपूरहून येणाऱ्या एकाकडनं खास भडंग मागवलं होतं, लसूण जास्त घातलेलं, मोठी पिशवी. तोंडावर मोठ्ठं हसू आणून मी ती पिशवी फोडली, वाटीत भडंग ओतलं आणि वाटी तिच्या की-बोर्डशेजारी ठेवली. घे, म्हटलं, आणि पोरीलाही दे.

मुलीनं हात पुढं केला नाही. ती स्टुलावरनं उतरली, आईजवळ गेली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड आपल्याकडं वळवून बघायला लागली. कानाची पाळी अजून सुजलेली होती. तिथं तिचं बोट थांबलं.

आईनं मुलीचा हात धरून खाली घेतला, वाटी माझ्याकडं सरकवली, आणि माझ्याकडं न बघता, टाइप करता करता म्हणाली,

“ऱ्हाऊ द्या बाई. हिच्या बापानं बी मारल्यावर दरवेळेला असंच भडंग आणून फुडं ठेवलंय. पोरीला त्याचा वास आला की ती आधी माझ्या तोंडाकडं बघती, कुठं लागलंय म्हणून.”